मूल हवे की नको : चीनच्या एकुलत्या लेकींचा निर्णय

मित्रहो, १ जानेवारी २०१६ रोजी चीनमधल्या प्रत्येक विवाहित जोडप्याला दोन मुले होऊ देण्याची कायदेशीर मुभा मिळाली. तोवर पस्तीस वर्षे शहरातल्या बहुतेक जोडप्यांसाठी दुसरे मूल म्हणजे दंड, नोकरीवर गदा आणि कित्येकदा सक्तीचा गर्भपात, असेच समीकरण होते. साहजिकच बंदी उठताच इतकी वर्षे दाबून ठेवलेली इच्छा उफाळून येईल, अशी राज्यकर्त्यांची आणि अनेक अभ्यासकांचीही अपेक्षा होती. पहिल्या वर्षी ती खरी ठरल्यासारखी वाटलीसुद्धा. २०१६ मध्ये त्या वेळच्या अधिकृत आकड्यानुसार सुमारे १ कोटी ७९ लाख बालके जन्मली आणि हा आकडा आदल्या वर्षापेक्षा मोठा होता. पुढे मात्र उतरण लागली. २०१८ मध्ये १ कोटी ५२ लाख, २०२० मध्ये १ कोटी २० लाख, २०२२ मध्ये ९५ लाख ६० हजार आणि २०२३ मध्ये ९० लाख २० हजार. दरम्यान ३१ मे २०२१ रोजी तिसऱ्या मुलाचीही परवानगी जाहीर झाली होती. २०२२ साली चीनची लोकसंख्या १९६१ च्या दुष्काळानंतर प्रथमच घटली आणि २०२३ मध्ये भारताने तिला मागे टाकले.

निर्बंध एकेक करून सैल होत गेले आणि त्याच सात वर्षांत जन्मांची संख्या निम्म्यावर आली. याचा अर्थ असा की, ज्या इच्छेला बांध घातला आहे असे सरकार समजत होते, ती इच्छाच तिथे उरली नव्हती, किंवा तिचे रूप पार बदललेले होते. हा बदल कसा झाला, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. माझे म्हणणे आरंभीच मांडतो. आज पंचविशी ते चाळिशीत असलेली, शिकलेली, कमावती, आई-वडिलांची एकुलती लेक असलेली चिनी स्त्री ही त्या जुन्या धोरणाचीच निर्मिती आहे. त्या धोरणाने तिला स्वतःच्या पायांवर उभे राहायला शिकवले. आता त्याच सत्तेला तिने ते पाऊल मागे घ्यावे असे वाटते, आणि त्यासाठी जी किंमत मोजावी लागेल ती जवळजवळ सगळी तिच्याच वाट्याला येते. ती नकार देते तो हा सगळा हिशेब मांडून देते.

आधी ‘इरादा’ म्हणजे नेमके काय मोजले जाते ते पाहू, कारण इथे नेहमी गल्लत होते. ‘कुटुंबात किती मुले असावीत असे तुम्हाला वाटते?’ हा एक प्रश्न. ‘परिस्थितीची कोणतीही अडचण नसती तर तुम्हाला किती मुले हवी होती?’ हा दुसरा. आणि ‘प्रत्यक्षात किती मुले होऊ द्यायचे तुम्ही ठरवले आहे?’ हा तिसरा. पहिल्याचे उत्तर समाजाच्या रीतीतून येते, दुसऱ्याचे मनातून, आणि तिसऱ्याचे घरभाडे, नोकरी, सासू, नवरा, शाळा हे सगळे विचारात घेऊन. चीनच्या राष्ट्रीय आरोग्य आयोगाच्या पाहण्यांमध्ये या तिसऱ्या प्रश्नाचे सरासरी उत्तर २०१७ मध्ये १.७६, २०१९ मध्ये १.७३ आणि २०२१ मध्ये १.६४ असे आले. १९९० नंतर जन्मलेल्या स्त्रियांचे उत्तर १.५४ होते, तर २००० नंतर जन्मलेल्यांचे १.४८. युरोपातल्या अनेक देशांतही मुले कमी होतात. पण तिथल्या स्त्रिया अजूनही साधारण दोन मुलांची इच्छा सांगतात आणि प्रत्यक्षात तिथवर पोहोचत नाहीत. चीनमध्ये इच्छाच दोनच्या बरीच खाली आली आहे, आणि प्रत्यक्ष जन्म त्याहूनही खाली. २०२० च्या जनगणनेत एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला आयुष्यात सरासरी होणाऱ्या मुलांची संख्या, १.३ होती आणि त्यानंतर ती आणखी घसरली आहे.

मानसशास्त्रज्ञ आयझेक आयझेन यांनी माणसाचा इरादा तीन गोष्टींतून घडतो अशी मांडणी केली होती: त्या कृतीविषयी त्याला काय वाटते, आसपासची माणसे काय अपेक्षा करतात, आणि ती कृती आपल्या आटोक्यात आहे असे त्याला कितपत वाटते. चीनमधल्या स्त्रियांच्या अभ्यासांत ही चौकट पुष्कळदा वापरली जाते. माझ्या मते या तिन्हींत तिसरी गोष्ट निर्णायक आहे. मूल आवडते, आई-वडील नातवंडाची वाट पाहत आहेत, पण मूल झाल्यावर आपले आयुष्य आपल्या हातात राहील याची खात्री नाही, अशा जागी कितीतरी तरुण चिनी स्त्रिया उभ्या आहेत.

थोडे मागे जाऊ. चीनमधली मुलांची संख्या एक-अपत्य धोरणामुळे घटली, असा सार्वत्रिक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. १९७० मध्ये तिथला जननदर ५.८ च्या आसपास होता. त्या दशकात ‘उशिरा लग्न, दोन मुलांत अंतर आणि कमी मुले’ अशी मोहीम राबवली गेली. आपल्याकडच्या ‘पाळणा लांबवा’ या प्रचाराची ती बरीच कडक बहीण म्हणता येईल. १९७० चे दशक सरतासरता हा दर तीनच्या खाली आलेला होता. मोठी घट आधीच झाली होती. त्यानंतर २५ सप्टेंबर १९८० रोजी कम्युनिस्ट पक्षाच्या मध्यवर्ती समितीने पक्षसदस्यांना आणि युवक संघाच्या सदस्यांना उद्देशून खुले पत्र काढले आणि एका जोडप्याने एकच मूल होऊ द्यावे, असे आवाहन केले. आवाहन हा शब्द सौम्य आहे; अंमलबजावणी तशी नव्हती. १९८३ या एकाच वर्षात दोन कोटींहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतील बहुसंख्य स्त्रियांवर झाल्या. ग्रामीण भागात इतका असंतोष पसरला की १९८४ पासून अनेक प्रांतांत, पहिली मुलगी असेल तर दुसऱ्या मुलाची सवलत द्यावी लागली. त्या सवलतीतही मुलगी म्हणजे अर्धे अपत्य, हा हिशेब सरकारनेच मान्य केला होता, ही गोष्ट मला फार बोचते. सोनोग्राफी खेड्यापाड्यांत पोहोचली तेव्हा याचे परिणाम दिसले. २००४ च्या सुमारास दर शंभर मुलींमागे सुमारे १२१ मुलगे जन्मत होते.

पहिल्या बाळंतपणानंतर स्त्रीच्या गर्भाशयात कडी बसवणे हा त्या काळचा शिरस्ता होता. आपल्याकडे जिला तांबी म्हणतात तिचाच हा पोलादी प्रकार. पण पुष्कळ कड्यांना बाहेर काढण्यासाठी दोरा नसे, त्यामुळे ती काढायची तर शस्त्रक्रियाच करावी लागे. कोट्यवधी स्त्रिया ती कडी अंगात घेऊन वीस-वीस, तीस-तीस वर्षे जगल्या. दोन मुलांची परवानगी आल्यावर सरकारने ती मोफत काढून देण्याची सोय जाहीर केली. या स्त्रिया आजच्या तरुणींच्या आया आहेत. ‘देशासाठी मूल होऊ दे’ असे जेव्हा मुलीला सांगितले जाते, तेव्हा ‘देशासाठी मूल होऊ देऊ नकोस’ असे जिला सांगितले गेले होते ती आई त्याच घरात बसलेली असते. लोकसंख्येच्या धोरणाला स्मरणशक्ती नसते, कुटुंबांना असते.

याच धोरणाची दुसरी बाजू मात्र सांगितली पाहिजे, कारण तिच्याशिवाय आजची स्त्री समजत नाही. ज्या शहरी घरात एकच अपत्य आणि तेही मुलगी, त्या घरात आई-वडिलांची सारी माया, पैसा आणि महत्त्वाकांक्षा तिच्या वाट्याला आली. मानववंशशास्त्रज्ञ व्हेनेसा फाँग यांनी दालियन शहरात दीर्घकाळ अभ्यास करून दाखवून दिले की, भाऊच नसल्यामुळे या मुलींना संपत्तीसाठी, शिक्षणासाठी, आई-वडिलांच्या लक्षासाठी कोणाशी स्पर्धा करावी लागली नाही. हजारो वर्षांच्या पितृसत्ताक कुटुंबात मुलीला असे स्थान कधी मिळाले नव्हते. पुढे चीनच्या विद्यापीठांतील पदवीच्या वर्गांत मुलींची संख्या निम्म्याहून अधिक झाली. ‘खूप शीक, चांगली नोकरी मिळव, म्हातारपणी आम्हाला तूच आधार’ हे ऐकत त्या वाढल्या. एका लेकीच्या खांद्यावर पुढे दोन आई-वडील आणि कदाचित चार आजी-आजोबा, म्हणून तिने मिळवते राहणे ही घराचीही गरज झाली. अशा स्त्रीला वयाच्या तिशीत नोकरी अडचणीत टाकणारा निर्णय घ्यायला सांगणे म्हणजे तिला तिच्या संगोपनाच्या विरुद्ध वागायला सांगणे आहे.

इथे शांसी प्रांतातल्या यिचेंग या एका ग्रामीण तालुक्याचा दाखला मोलाचा आहे. १९८५ पासून तिथे प्रयोग म्हणून, लग्न उशिरा करण्याच्या आणि दोन मुलांत अंतर ठेवण्याच्या अटीवर, दोन मुलांची परवानगी होती. बाकी देश एका मुलाच्या बंधनात असताना यिचेंगमध्ये लोकसंख्येचा स्फोट व्हायला हवा होता. प्रत्यक्षात तिथली लोकसंख्यावाढ राष्ट्रीय सरासरीहून कमी राहिली. २०१६ मध्ये काय घडणार याचे उत्तर तीस वर्षे आधीच डोळ्यांसमोर होते, असे म्हणायला हरकत नाही.

आता नोकरीकडे येऊ, कारण माझ्या मते सर्वांत मोठी गाठ तिथेच बसली आहे. नियोजित अर्थव्यवस्थेच्या काळात शहरातला कारखाना किंवा कचेरी केवळ पगार देत नसे. राहायला घर, दवाखाना, बालवाडी आणि पाळणाघरही तिथेच मिळे. बाळंतपणानंतर स्त्री काही आठवड्यांनी कामावर परते आणि मूल कारखान्याच्या पाळणाघरात वाढे. त्या व्यवस्थेचा दर्जा फार चांगला होता असे नाही, पण मूल सांभाळणे ही एकट्या आईची खासगी बाब नाही, हे त्यात गृहीत होते. १९९० नंतर सरकारी उद्योगांची पुनर्रचना झाली, कोट्यवधी कामगार घरी बसवले गेले, त्यात स्त्रियांना आधी घरचा रस्ता दाखवला गेला आणि ही पाळणाघरे भराभर बंद पडली. २०२० च्या सुमारास तीन वर्षांखालच्या मुलांपैकी पाळणाघरात जाणारी मुले शेकडा पाच-सहाच होती. मधल्या पंचवीस वर्षांत राज्यसंस्थेने मूल सांभाळण्यातून अंग काढून घेतले आणि मूल होण्यावर मात्र नजर ठेवली.

नोकरीच्या मुलाखतीत तरुणीला लग्न झाले आहे का, मूल आहे का, कधी होऊ देणार आहात, असे प्रश्न विचारले जातात. फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारच्या नऊ विभागांनी मिळून असे प्रश्न विचारायला मनाई करणारी सूचना काढली. विचारणारे तरीही विचारतात, किंवा न विचारताच अंदाज बांधतात. दोन मुलांची परवानगी आल्यावर यात भरच पडली: पूर्वी एक मूल झालेली स्त्री मालकाच्या दृष्टीने ‘मोकळी’ झालेली असे, आता तिच्याकडेही दुसऱ्या, तिसऱ्या बाळंतपणाची शक्यता म्हणून पाहिले जाऊ लागले. राष्ट्रीय नियमानुसार प्रसूती रजा ९८ दिवसांची आहे. प्रांतांनी स्त्रियांच्या भल्यासाठी म्हणून ती वाढवली आणि बहुतेक ठिकाणी ती पाच महिन्यांच्या आसपास किंवा पुढे गेली. पण या वाढीव दिवसांचा बराच बोजा मालकावर पडतो आणि पित्याची रजा मात्र बहुतेक ठिकाणी महिनाभराच्या आतच आहे. मग छोटा उद्योजक सरळ पुरुष उमेदवार निवडतो. कागदावर उदार दिसणारी रजा अशा रीतीने तरुण स्त्रीची नोकरी महाग करते, आणि ते तिला पक्के ठाऊक असते. सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्यातले सहा दिवस, ही पद्धत ज्या कंपन्यांत रूढ झाली तिथे तर आई झालेल्या स्त्रीला बढतीच्या रांगेत जागाच उरत नाही.

घरात काय होते? चीनच्या सांख्यिकी विभागाने २०१८ मध्ये लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात याची पाहणी केली. तीत स्त्रिया घरकामाला रोज सरासरी २ तास ६ मिनिटे देतात आणि पुरुष ४५ मिनिटे, असे आढळले. हे केवळ घरकाम झाले. मुलांची आणि वृद्धांची शुश्रूषा धरली की अंतर आणखी वाढते. ही स्त्री बाहेरही जवळजवळ पुरुषाइतकेच काम करते. पहिल्या मुलाच्या वेळी हा अनुभव घेतलेली स्त्री दुसऱ्याला नकार देते तेव्हा तिच्या उत्तरात सरकारी प्रचारापेक्षा त्या पहिल्या तीन वर्षांचे वजन जास्त असते. पहिल्या मुलाच्या वेळी नवऱ्याने किती हात लावला, यावर दुसऱ्या मुलाचा इरादा अवलंबून असतो, हे चीनमधल्या आणि इतर देशांमधल्याही अभ्यासांत वारंवार दिसून आले आहे.

मग आजवर मुले वाढली कशी? आज्यांनी वाढवली. चिनी शहरांतल्या बागांमध्ये सकाळी नातवंडे घेऊन बसलेल्या स्त्रिया ही त्या देशाची खरी पाळणाघरे आहेत. चीनमध्ये कामगार स्त्रिया पन्नाशीत आणि कचेरीतल्या स्त्रिया पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त होत, त्यामुळे नातवंड जन्मते त्या वेळी आजी मोकळी असे. अनेक आज्या त्यासाठी गाव सोडून मुलीच्या किंवा मुलाच्या शहरात येऊन राहतात. नवरा गावी, आपण परक्या शहरात अठराव्या मजल्यावर, भाषेचा लहेजाही वेगळा, असे त्यांचे आयुष्य असते. या श्रमाला कुठल्याही हिशेबात जागा नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये निवृत्तीचे वय हळूहळू वाढवण्याचा निर्णय झाला. १ जानेवारी २०२५ पासून पंधरा वर्षांत स्त्रियांचे वय पन्नासवरून पंचावन्न आणि पंचावन्नवरून अठ्ठावन्न, तर पुरुषांचे साठवरून त्रेसष्ट होणार आहे. निवृत्तिवेतनाच्या दृष्टीने तो समजण्यासारखा निर्णय आहे. पण ज्या आजीच्या भरवशावर सून किंवा लेक मूल होऊ देण्याचा विचार करते, तीच आजी आता आणखी काही वर्षे नोकरीत असेल. एका खात्याने जन्म वाढवायचे आणि दुसऱ्याने जन्मांचा आधार काढून घ्यायचा, असे इथे घडते आहे.

पैशाची बाजू थोडक्यात सांगतो, कारण ती बहुतेकांना ठाऊक असते. ‘युवा’ (YuWa) या बीजिंगच्या लोकसंख्या-संशोधन संस्थेच्या २०२४ च्या अहवालानुसार चीनमध्ये एक मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत सरासरी ५ लाख ३८ हजार युआन खर्च येतो, म्हणजे दरडोई देशांतर्गत उत्पन्नाच्या सहापटीहून अधिक. शहरांतला खर्च याहूनही जास्त. यात शिक्षणाचा वाटा मोठा आहे, आणि त्यामागे पैशापेक्षा भीती अधिक आहे. पंधराव्या वर्षी होणाऱ्या परीक्षेनंतर साधारण निम्म्या मुलांना विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत आणि उरलेल्यांना व्यावसायिक शाळेत पाठवायचे, असे धोरण दीर्घकाळ होते. पुढच्या विद्यापीठ प्रवेश परीक्षेला २०२४ मध्ये १ कोटी ३४ लाख विद्यार्थी बसले. जुलै २०२१ मध्ये सरकारने शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांवर कडक निर्बंध आणले. एक प्रचंड उद्योग रातोरात कोसळला, पण परीक्षा तशीच राहिल्यामुळे ज्यांना परवडते त्यांनी घरी शिक्षक बोलावले आणि शिकवणी आणखी महागली. गावाहून शहरात कामाला आलेल्या आईची अडचण वेगळी आहे. तिची कौटुंबिक नोंदणी गावची, त्यामुळे शहरातल्या सरकारी शाळेत मुलाला प्रवेश मिळवणे कठीण. मूल गावी आजीकडे ठेवायचे आणि वर्षातून एकदा, वसंतोत्सवाला म्हणजे चिनी नववर्षाला भेटायचे. ज्यांचे स्वतःचे बालपण असे आईविना गेले, अशा तरुणी आज स्वतः आई होण्याच्या वयात आहेत. त्यांचा संकोच पैशाने मोजता येणार नाही.

चीनमध्ये मूल अजूनही जवळजवळ पूर्णपणे लग्नाशी बांधलेले आहे, म्हणून मुलाच्या इराद्याआधी लग्नाचा इरादा पाहावा लागतो. २०१३ मध्ये १ कोटी ३४ लाखांहून अधिक विवाह नोंदले गेले होते; २०२४ मध्ये ६१ लाख. पहिल्या लग्नाचे सरासरी वय २०१० मध्ये २४.९ वर्षे होते, ते २०२० मध्ये २८.७ झाले. कम्युनिस्ट पक्षाच्या युवक संघाने २०२१ मध्ये शहरांतील १८ ते २६ वयोगटातल्या अविवाहितांची पाहणी केली, तेव्हा सुमारे ४४ टक्के तरुणींनी लग्न करणार नाही किंवा करू की नाही याची खात्री नाही, असे सांगितले. मुलग्यांमध्ये हे प्रमाण जवळजवळ १९ अंकांनी कमी होते. स्त्री-पुरुषांतली ही दरी मला जन्मदराच्या आकड्यापेक्षाही बोलकी वाटते. लग्न म्हणजे आपल्यासाठी वाढीव काम, हे मुलींना आईकडे पाहून कळते. शिवाय २०२१ पासून परस्परसंमतीच्या घटस्फोटासाठी अर्ज केल्यावर तीस दिवस थांबण्याची अट आली, तेव्हा आत शिरणे सोपे आणि बाहेर पडणे अवघड, ही भावना आणखी घट्ट झाली.

मग लग्नाविना मूल? सिचुआन प्रांताने फेब्रुवारी २०२३ पासून अविवाहितांनाही जन्माची नोंदणी खुली केली, हे पुढचे पाऊल होते. पण आपली बीजांडे गोठवून ठेवता यावीत म्हणून बीजिंगमधल्या एका अविवाहित स्त्रीने सरकारी रुग्णालयाविरुद्ध लढलेला, देशभर गाजलेला खटला २०२२ मध्ये आणि पुन्हा अपिलात २०२४ मध्ये तिच्या विरोधात गेला. ही सेवा केवळ विवाहितांसाठी आहे, अशी रुग्णालयाची भूमिका होती. जिला मूल हवे आहे, पुढे कधीतरी हवे आहे, तिला दार बंद. आणि जिला नको आहे तिच्या दारावर थाप. हे धोरण स्त्रीच्या इच्छेला विचारतच नाही.

चीन एकसारखा नाही, हेही लक्षात ठेवू. २०२० च्या जनगणनेत ईशान्येकडच्या हेलोंगजियांग प्रांताचा जननदर ०.७६ होता आणि नैर्ऋत्येच्या गुइझोऊचा दोनच्या किंचित वर. हेलोंगजियांग हा जुन्या सरकारी कारखान्यांचा प्रदेश. तिथे नोकरी जाण्याच्या भीतीने एका मुलाचा नियम काटेकोर पाळला गेला आणि पुढे कारखाने बंद पडल्यावर तरुण निघून गेले. उलट ग्वांगडोंगच्या चाओशान भागात कुळाची देवळे, कुळाची मंडळे आणि मुलगा हवाच हा आग्रह आजही जिवंत आहे. तिथे मुले अधिक होतात, पण ती स्त्रियांच्या मोकळ्या निर्णयाने होतात असे म्हणणे धाडसाचे ठरेल. आणि शिनज्यांगमध्ये तर २०१७ ते २०१९ या दोन वर्षांत जन्मदर दर हजारी १५.८८ वरून ८.१४ वर आला. तो काळ मुस्लिम अल्पसंख्याकांवर कुटुंबनियोजनाची सक्ती वाढवण्याचा होता. देशाच्या एका भागात जन्म वाढवण्याची हाक आणि दुसऱ्या भागात ते दाबण्याची कारवाई एकाच वेळी चालू होती, ही गोष्ट या विषयावर बोलताना वगळता येत नाही.

सरकार आता काय करते आहे? ३० ऑक्टोबर २०२३ रोजी अखिल चीन महिला महासंघाच्या नव्या नेतृत्वापुढे बोलताना शी जिनपिंग यांनी विवाह आणि अपत्यजन्माची नवी संस्कृती जोपासण्याचे आवाहन केले. २०२४ हे ड्रॅगनचे वर्ष, शुभ मानले जाणारे; त्या वर्षी जन्म थोडे वाढून ९५ लाख ४० हजार झाले. जुलै २०२५ मध्ये केंद्राने तीन वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे वर्षाला ३,६०० युआन देण्याचे जाहीर केले. इनर मंगोलियाची राजधानी होहोत येथे पहिल्या मुलाला दहा हजार, दुसऱ्याला पन्नास हजार आणि तिसऱ्याला एक लाख युआन अशी रक्कम ठरली. पैसे देणे वाईट नाही. जिला मूल हवेच आहे आणि महिनाअखेर ओढाताण होते, तिला ते उपयोगी पडतील. पण जिला नोकरी जाण्याची भीती आहे, तिच्यासमोर वर्षाचे ३,६०० युआन ठेवून तिचा निर्णय बदलेल असे मला वाटत नाही. १ जानेवारी २०२६ पासून गर्भनिरोधकांना असलेली विक्रीकराची सूटही काढून घेतली गेली. एका हाताने दिलेल्या अनुदानापेक्षा दुसऱ्या हाताच्या अशा खुणा स्त्रिया अधिक बारकाईने वाचतात.

विश्वासाचा प्रश्न इथे येतो. २०२२ च्या शांघायमधल्या टाळेबंदीत, विलगीकरणाला नकार देणाऱ्या एका तरुणाला पोलिसांनी ‘याचा परिणाम तुझ्या तीन पिढ्यांना भोगावा लागेल’ असे धमकावले, तेव्हा त्याने ‘ही आमची शेवटचीच पिढी’ असे उत्तर दिले. ती चित्रफीत देशभर पसरली आणि काढून टाकली गेली. त्याच वर्षी जानेवारीत ज्यांग्सू प्रांतातल्या एका खेड्यात आठ मुलांची आई गळ्यात साखळी बांधलेल्या अवस्थेत आढळली होती. ती विकली गेलेली स्त्री होती, हे पुढे न्यायालयातही सिद्ध झाले. या दोन घटनांनी तरुण स्त्रियांच्या मनात जे घडवले ते कोणत्याही प्रश्नावलीत उतरत नाही.

आपल्यासाठी हा विषय दूरचा राहिलेला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर १.७ होता, म्हणजे पिढीची जागा भरून काढायला लागणाऱ्या पातळीच्या बराच खाली. आणि ठरावीक तारखेनंतर तिसरे अपत्य झालेल्यांना स्थानिक स्वराज्य संस्थांची निवडणूक लढवू न देणारा कायदा आपल्याकडे आजही आहे. त्या नियमाचा फास ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या बायकांनाच अधिक बसला आहे. आपल्याकडे एक-अपत्य धोरण कधी नव्हते, सक्तीचा इतिहास आणीबाणीपुरता, म्हणून तुलना मर्यादितच राहील. पण पाळणाघराविना कामावर जाणाऱ्या आईचा प्रश्न मुंबई-पुण्याच्या बायकांना समजावून सांगावा लागणार नाही.

शेवटी एका मुद्द्याकडे आपले लक्ष वेधतो. चीनमध्ये मुले होण्याच्या वयातल्या स्त्रियांची संख्याच वेगाने घटते आहे. २०२१ या एका वर्षात १५ ते ४९ वयोगटातल्या स्त्रिया सुमारे ५० लाखांनी कमी झाल्या. त्यामुळे उद्या प्रत्येक स्त्रीचा इरादा वाढला तरी जन्मांचा आकडा जुन्या पातळीवर येणार नाही, आणि त्या आकड्यासाठी स्त्रियांच्या मागे लागण्यात काही हशील नाही. पण १.६४ मुलांचा इरादा आणि प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ कमी मुले, यांच्यामध्ये जे अंतर आहे ते लाखो स्त्रियांच्या मनात राहून गेलेल्या मुलांचे आहे. ते भरून काढायचे तर प्रसूती रजेचा खर्च मालकावरून काढून सामाजिक विम्यावर टाकावा लागेल, पित्याला सक्तीची आणि दीर्घ रजा द्यावी लागेल, कारखान्यांबरोबर बंद झालेली पाळणाघरे वस्तीवस्तीत पुन्हा उघडावी लागतील आणि अविवाहित आईलाही तोच हक्क द्यावा लागेल. यातले पहिले पाऊल काही प्रांतांत उचलले जाऊ लागले आहे. पित्याच्या रजेबाबत मात्र अजून राष्ट्रीय कायदाही झालेला नाही.